रेल्वेच्या तिकिटात न बसणारा खर्च कोण भरतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेल्वेच्या भाड्याचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘आम्ही टॅक्स भरतो, मग तिकीट कशाला वाढवता?’ आणि ‘सरकार फुकटात फिरवतंय, अजून काय पाहिजे?’ दोन्ही अर्धी खरी आहेत. आकडे शक्य तिथे अर्थसंकल्पातले, संसदेतल्या उत्तरांतले आणि सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या अहवालांतले घेतले आहेत. जिथे मत आमचं आहे तिथे ते मत म्हणूनच वाचावं.

तिकिटावर छापायचे ते ५७ टक्के कशाचे होते?

२०१६ च्या सुमारास तिकिटांवर एक ओळ दिसू लागली: प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी फक्त ५७ टक्के रेल्वे भाड्यातून वसूल करते. बऱ्याच प्रवाशांना ती टोचली, आणि ते स्वाभाविकच होतं. पैसे मोजून घेतलेल्या तिकिटावर ‘तुम्ही कमी मोजलेत’ असं कोण छापतं?

पुढे हा आकडा आणखी खाली गेला. रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी मार्च २०२५ मध्ये संसदेत दिलेला हिशेब असा: एका प्रवाशाला एक किलोमीटर नेण्याचा खर्च १ रुपया ३८ पैसे, आकारणी ७३ पैसे. म्हणजे सुमारे ४७ टक्के सूट. २०२२-२३ या वर्षी अशी एकूण सूट सुमारे ५७ हजार कोटी रुपयांची असल्याचं सांगितलं गेलं आणि पुढच्या वर्षी ६० हजार कोटींच्या आसपास.

म्हणजे सरकार दरवर्षी रेल्वेला ६० हजार कोटी रुपये देतं का?

नाही. गैरसमजाचं मूळ इथेच आहे. ही रक्कम अर्थमंत्रालय चेक फाडून रेल्वेला देत नाही. केंद्राच्या अर्थसंकल्पात ‘प्रवासी भाड्यातली तूट भरून काढण्यासाठी’ असं कोणतंही मोठं शीर्षक नाही. चालू खर्चापोटी जे थोडं थेट मिळतं ते मुख्यतः सामरिक महत्त्वाच्या, म्हणजे सीमाभागातल्या मार्गांवरच्या तोट्याची भरपाई. रेल्वेच्या पसाऱ्यात ती रक्कम किरकोळच.

अपवाद म्हणजे कोविडचं वर्ष. गाड्या उभ्या राहिल्या, पगार आणि पेन्शन मात्र थांबेना, तेव्हा केंद्राने रेल्वेला ७९,३९८ कोटींचं विशेष कर्ज दिलं. कोविडची तूट आणि त्याआधीच्या वर्षीचा पेन्शन फंडातला खड्डा अशा दोन गोष्टी त्यातून भागवल्या. लक्षात घ्या, ते कर्ज होतं, अनुदान नव्हे.

मग अर्थसंकल्पातले अडीच लाख कोटी कुठे जातात?

ते भांडवली खर्चासाठी असतात: नवे मार्ग, दुपदरीकरण, चौपदरीकरण, इंजिनं, डबे, स्थानकांचा पुनर्विकास, गाड्यांची टक्कर टाळणारी कवच यंत्रणा. २०२५-२६ साठी ही तरतूद २ लाख ५२ हजार कोटींची होती. त्यातून रूळ टाकता येतात. त्या रुळांवरून गाडी हाकणाऱ्या लोको पायलटचा पगार त्यातून होत नाही.

मंत्री आकडा सांगतात तो बांधण्याचा, प्रवासी भांडतो ते चालवण्यावरून. ‘एवढे कोटी दिले, तरी आमची गाडी वेळेवर नाही’ ही तक्रार त्यामुळेच कधी संपत नाही. महाराष्ट्रासाठी २०२५-२६ मध्ये जाहीर झालेले २३,७७८ कोटीही असेच प्रकल्पांचे आहेत. त्यातून कोणत्याही पॅसेंजरला एक डबा जास्त जोडला जाईल, अशी आशा धरू नये.

तर मग रोजची तूट नेमकं कोण भरतं?

मालगाडी. रेल्वेच्या शंभर रुपयांच्या कमाईत साधारण ६५ रुपये मालवाहतुकीचे असतात, आणि वजनाच्या हिशेबात त्या मालात जवळपास निम्मा कोळसा. मालवाहतुकीच्या नफ्यातून प्रवासी गाड्यांचा तोटा भरून काढायचा, हा रिवाज पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

आता हा पैसा हातोहात कसा फिरतो ते पाहा. नाशिकजवळच्या एकलहरे वीजकेंद्राला किंवा भुसावळच्या केंद्राला कोळसा रेल्वेने येतो. त्याचं भाडं विजेच्या उत्पादन खर्चात जातं आणि तो खर्च शेवटी वीजबिलात उतरतो. म्हणजे जिथे प्रवासी गाडी दिवसातून कशीबशी एकदा येते, त्या तालुक्यातला माणूस दिवा लावला की थोडेसे पैसे रेल्वे प्रवाशासाठी भरत असतो. सिमेंट, लोखंड, खत यांचंही तेच. याला सबसिडी म्हणायचं असेल तर जरूर म्हणा. पण ‘सरकार देतं’ म्हणताना हे सरकार म्हणजे कोण, ते विचारायला हवं.

मुंबईकरांना हा प्रकार नवा नसावा. बस आणि वीज दोन्ही पुरवणाऱ्या बेस्टमध्ये बसचा तोटा वर्षानुवर्षं वीजग्राहकांच्या बिलातून वसूल होत होता. वीज नियामकाच्या दारात तो वाद गेला आणि ती वसुली बंद झाल्यावर बेस्टच्या बसचं काय झालं, हे बसस्टॉपवर उभं राहणाऱ्यांना सांगायला नको.

हे असंच किती दिवस चालेल?

चालत नाहीये, हीच अडचण आहे. २०२१-२२ मध्ये प्रवासी आणि इतर कोचिंग सेवांचा (पार्सल वगैरे) तोटा ६८,२६९ कोटी होता, असं कॅगने नोंदवलं. त्या वर्षी मालवाहतुकीचा नफा होता ३६,१९६ कोटी. सगळा नफा ओतूनही ३२ हजार कोटींचं भगदाड उरलंच.

शिवाय मालवाहतुकीचे दर चढे ठेवले की माल ट्रककडे पळतो. देशातल्या एकूण मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा आता २६-२७ टक्क्यांच्या आसपास आहे. तो २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट राष्ट्रीय रेल्वे योजनेत आहे. प्रवाशाला स्वस्तात नेण्यासाठी माल महाग ठेवायचा आणि मालाचा वाटाही वाढवायचा, ही दोन्ही कामं एकाच वेळी कशी जमणार, याचं उत्तर त्या योजनेत आम्हाला तरी सापडलं नाही.

‘ऑपरेटिंग रेशो’ ९८ म्हणजे रेल्वे नफ्यात आहे ना?

कागदावर. शंभर रुपये कमवायला किती रुपये चालू खर्च झाला, ते हा आकडा सांगतो. २०२३-२४ मध्ये तो ९८.४३ होता, म्हणजे शंभरामागे दीड रुपया उरला. २०२१-२२ मध्ये तो १०७.३९ होता, म्हणजे उरलं काहीच नाही, वर सात रुपये गेले.

हा आकडा ९८ च्या आसपास ठेवण्याचं कसब मात्र दाद देण्यासारखं आहे. २०१७-१८ चा जाहीर आकडा ९८.४४ होता. एनटीपीसी आणि इरकॉन या सरकारी कंपन्यांकडून आगाऊ घेतलेले पैसे वगळले तर तो १०२.६६ झाला असता, असं कॅगने म्हटलं. २०१९-२० मध्ये जाहीर आकडा ९८.३६, पेन्शनसाठी लागणारे पैसे पुरेसे बाजूला काढले असते तर ११४.३५.

दुसरी हातचलाखी घसारा निधीत होते. जुने रूळ, पूल, डबे बदलायला दरवर्षी काही रक्कम वेगळी ठेवायची असते. काही वर्षांत ती हजार कोटींच्याही खाली आणली गेली. एवढ्या अवाढव्य यंत्रणेला ते म्हणजे दात कोरून पोट भरण्यासारखंच. शेवटी २०१७-१८ पासून पाच वर्षांसाठी एक लाख कोटींचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष वेगळा उभारावा लागला.

खर्च एवढा होतो कशावर?

माणसांवर. सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांचे पगार आणि त्याहून जास्त निवृत्तांची पेन्शन. केंद्राच्या इतर खात्यांची पेन्शन सरकारी तिजोरीतून जाते, रेल्वे मात्र स्वतःच्या कमाईतून देते. हा बोजा अर्थमंत्रालयाने उचलावा, असं रेल्वे अनेकदा म्हणून चुकली आहे. त्यानंतर वीज आणि डिझेल, मग देखभाल.

लोकलचंच पाहा. मोटरमन आणि गार्ड (आता कागदोपत्री ‘ट्रेन मॅनेजर’) आपल्याला दिसतात. रात्री दीड-दोनला शेवटची लोकल गेल्यावर आणि पहिली निघायच्या आधी रुळांवर काम करणारे ट्रॅकमन, ओव्हरहेड वायरवाले, सिग्नलवाले दिसत नाहीत. रेक, म्हणजे डब्यांचा अख्खा संच, ठरावीक मुदतीने माटुंगा किंवा महालक्ष्मीच्या वर्कशॉपमध्ये जातो, खोलला जातो, पुन्हा जोडला जातो. रविवारचा मेगाब्लॉक ज्यासाठी असतो तो खर्चही याच खात्यात.

लोकलला तर पाय ठेवायला जागा नसते. तरी तोटा कसा?

सकाळी विरारहून आलेली लोकल चर्चगेटला रिकामी होते आणि काही मिनिटांत परत निघते. त्या परतीच्या फेरीत बसा. पंखे चालू, दिवे चालू, बाकं मोकळी, खिडकीतली हवी ती जागा तुमची. वीज मात्र येतानाइतकी नाही तरी बरीच लागली, मोटरमनचा पगारही तेवढाच. संध्याकाळी हाच प्रकार उलट्या दिशेने.

वर गर्दीचे सकाळचे तीन-चार तास आणि संध्याकाळचे तीन-चार तास सांभाळायला जेवढे रेक लागतात तेवढे विकत घ्यावे लागतात. दुपारी त्यातले कित्येक कारशेडला नाहीतर साइडिंगला उभे असतात. डबा भरलेला आहे म्हणजे गाडी कमावते असं नाही. ती दिवसभरात किती किलोमीटर भरलेली धावते आणि माणशी किती पैसे मिळतात, हा प्रश्न आहे. दुसऱ्या भागाचं उत्तर पासात आहे.

पास एवढा स्वस्त कसा?

चर्चगेट–विरार ६० किलोमीटर. द्वितीय श्रेणीचं एकेरी तिकीट १५ रुपये, महिन्याचा पास ३१५ रुपये. महिन्यात २५ दिवस जाऊन-येऊन ५० फेऱ्या धरल्या तर एका फेरीला सव्वासहा रुपये पडतात, किलोमीटरला साडेदहा पैसे. चर्चगेट स्टेशनबाहेर तेवढ्यात आता कटिंग चहाही मिळत नाही.

वर दिलेला १ रुपया ३८ पैशांचा खर्च साऱ्या देशाची सरासरी आहे, तो जसाच्या तसा लोकलला लावणं बरोबर नाही. उभ्याने चेपून गेलेल्या माणसामागे खर्च स्लीपरमध्ये आडवा झोपलेल्याइतका येत नाही. तरीही साडेदहा पैशांत भागत नाही, हे उघड आहे. या तिकिटातही एमयूटीपी म्हणजे मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठीचा अधिभार असतो, म्हणजे मुंबईकर नव्या गाड्यांसाठी थोडे वेगळे पैसेही मोजतो.

पास मुळात पंधरा एकेरी फेऱ्यांच्या हिशेबाने बेतलेला आहे. जून २०१४ मध्ये तो तीस फेऱ्यांचा करायचं ठरलं, म्हणजे पास दुप्पट. महाराष्ट्रातले खासदार तेव्हाचे रेल्वेमंत्री सदानंद गौडा यांना भेटले आणि चार दिवसांत निर्णय मागे घेतला गेला. ऑक्टोबरमध्ये विधानसभेची निवडणूक होती. त्यानंतर या विषयाला हात लावायची कुणाची छाती झालेली नाही.

आमचं मत विचाराल तर पास स्वस्तच असावा. वसई, बदलापूर, टिटवाळ्याला घर घेऊन दादरला नोकरी करणाऱ्याला शहरानेच लांब ढकललंय. पण मग स्वस्ताईची किंमत ज्या शहराला आणि मालकवर्गाला या माणसाची गरज आहे त्यांनी मोजावी, एकलहऱ्याच्या कोळशाने नव्हे.

एसी लोकलने तोटा कमी होतो का?

माणशी उत्पन्न वाढतं, हे खरं. पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला बोरिवलीहून निघाली आणि बराच काळ अर्धी रिकामी फिरली. मे २०२२ मध्ये भाडं जवळपास निम्म्यावर आणलं, किमान तिकीट ६५ वरून ३० रुपये झालं, तेव्हा गर्दी आली. पण साध्या लोकलची फेरी काढून एसी घातली की मागच्या-पुढच्या गाडीत उरलेले प्रवासी कोंबले जातात. त्या मनस्तापाचा हिशेब कुठल्याच वहीत लिहिला जात नाही.

भाडं वाढवलं की प्रश्न सुटेल?

थोडा. २०१२ मध्ये दिनेश त्रिवेदींनी रेल्वे अर्थसंकल्पात भाडेवाढ केली आणि आठवडाभरात मंत्रिपद गमावलं. तेव्हापासून भाडेवाढ दबकत होते. १ जुलै २०२५ ला मेल-एक्स्प्रेसच्या साध्या वर्गाला किलोमीटरमागे एक पैसा आणि एसीला दोन पैसे वाढले. २६ डिसेंबर २०२५ ला पुन्हा: दोन्हींना दोन पैसे, साध्या गाड्यांना २१५ किलोमीटरच्या पुढे एक पैसा. दोन्ही वेळा उपनगरी तिकीट आणि पास जैसे थे.

पैशा-दोन पैशांची वाढ ६० हजार कोटींपुढे कुठेच पुरत नाही. तोट्याच्या आकाराचा अंदाज यावा म्हणून आणखी एक आकडा: विनातिकीट प्रवाशांकडून मध्य रेल्वेचा वर्षाचा दंड तीनशे कोटींच्या घरात जातो. फुकटे सगळे पकडले तरी हा खड्डा बुजणार नाही.

ज्येष्ठ नागरिकांची सवलत परत का येत नाही?

मार्च २०२० मध्ये ती बंद झाली. त्याआधी ६० वर्षांवरच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरच्या महिलांना ५० टक्के सूट होती. दिव्यांगांच्या चार, रुग्णांच्या अकरा प्रवर्गांना आणि विद्यार्थ्यांना सवलत आजही आहे. ज्येष्ठांबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं: सर्वांनाच सरासरी ४६-४७ टक्के सूट आहेच. पण ही ‘सूट’ तेव्हाही होतीच, मग सवलत वेगळी का दिली जात होती, हा प्रतिप्रश्न करायला हरकत नाही.

पॅसेंजर गाड्या तोट्याच्या म्हणून बंद करतात का?

उघडपणे फारशा नाही. आडमार्गाने होतं. कोविडनंतर पॅसेंजर गाड्या ‘स्पेशल’ आणि ‘एक्स्प्रेस’ झाल्या, किमान तिकीट १० चं ३० रुपये झालं. थांबे तेच, वेळ तीच, डबे तेच. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, ते पुन्हा १० रुपये झालं.

कोकणाचं दुखणं तुम्हाला ठाऊक असेल. दादर–रत्नागिरी पॅसेंजर कोविडनंतर ठाण्यापुढच्या दिवा स्टेशनापर्यंतच आली. दादर, लालबाग, परळचा चाकरमानी पेट्या, गोणी, पोरंबाळं घेऊन आधी लोकलने दिव्याला जातो, जिना चढतो-उतरतो आणि मग गाडी पकडतो. रेल्वेच्या हिशेबात दादरचा फलाट आणि दिवा–दादरमधली मार्गिका मोकळी झाली, ती दुसऱ्या गाडीला वापरता आली. बचत झाली म्हणा हवं तर, चाकरमान्याच्या खांद्यावर.

कोकण रेल्वेचं तिकीट जास्त का पडतं?

कारण ती वेगळी कंपनी आहे. १९९० मध्ये स्थापन झाली, भांडवलात केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६. बाकीचा पैसा रोख्यांतून बाजारातून उभा केला. कर्ज फेडायचं म्हणून प्रवासी भाड्यासाठी अंतर ४० टक्क्यांनी फुगवून धरतात. शंभर किलोमीटर गेलात की एकशेचाळीसचं भाडं.

एका अर्थाने कोकणी माणसाला रेल्वे मिळाली ती त्याच्याच खिशातून. आणि तरी दुपदरीकरणासाठी या कंपनीकडे पैसा नाही. मे २०२५ मध्ये महाराष्ट्राने भारतीय रेल्वेत विलीनीकरणाला संमती दिली, ‘कोकण रेल्वे’ हे नाव राहावं या अटीसह. विलीनीकरणानंतर भांडवली पैशाची वाट मोकळी होईल. भाड्यातला ४० टक्क्यांचा फुगवटा जाईल का, हे प्रवासी संघटनांनी लेखी घ्यावं.

राज्य सरकार काही देतं की नाही?

बांधायला देतं. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई रेल्वे विकास महामंडळात रेल्वेचे ५१ आणि राज्याचे ४९ टक्के आहेत. एमयूटीपीचे प्रकल्प केंद्र-राज्य निम्मे-निम्मे, वर जागतिक बँक आणि नंतर आशियाई पायाभूत सुविधा बँकेची कर्जं. अहिल्यानगर–बीड–परळी मार्गाचा निम्मा खर्च राज्याचा. १९९५ मध्ये मंजूर झालेल्या या मार्गावर बीडला गाडी पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. वर्धा–यवतमाळ–नांदेडमध्ये राज्याचा वाटा ४० टक्के.

चालवायला मात्र नाही. बीडची गाडी किती फेऱ्या मारेल, कधी सुटेल, तोटा झाला तर काय, हे सगळं रेल्वेच्या मर्जीवर. निम्मे पैसे घालून वेळापत्रकात शब्द नाही, असा हा व्यवहार आहे.

परदेशात कसं करतात?

जर्मनीत जवळच्या पल्ल्याच्या गाड्यांसाठी राज्यं रीतसर करार करतात: या मार्गावर दिवसाला इतक्या फेऱ्या, त्याचे इतके पैसे. पैसा केंद्राकडून राज्यांना मिळतो, गाडी चालवणारी कंपनी कुठलीही असो. मे २०२३ मध्ये त्यांनी देशभराचा पास ४९ युरोला काढला, जानेवारी २०२५ मध्ये तो ५८ युरोचा झाला. म्युनिक-स्टुटगार्टकडची मराठी मंडळी त्याबद्दल कुरकुरतातही. पण तूट किती आणि केंद्राने किती, राज्यांनी किती सोसायची, यावर तिथे उघड भांडण होतं.

जपानचं उदाहरण लोक हमखास देतात. तिथे १९८७ मध्ये सरकारी रेल्वेचे तुकडे केले. टोकियोभोवतीच्या कंपन्या स्टेशनांवरची दुकानं, इमारती यांतूनही कमावतात. होक्काइडोची कंपनी मात्र आजही झगडते आहे. मुंबई कमावेल म्हणून मराठवाडा चालेल, हे तुकडे पाडल्यावर आपोआप होत नाही.

हा तोटा खरा की हिशेबातला?

दोन्ही. मनमाडहून जाणाऱ्या एकाच रुळावरून मालगाडीही जाते आणि पॅसेंजरही. रूळ, सिग्नल, स्टेशनमास्तर यांचा खर्च कोणाच्या नावावर किती टाकायचा, हे सूत्राने ठरतं. सूत्र बदललं की तोटा बदलतो. बिबेक देबरॉय समितीने २०१५ मध्ये रेल्वेची हिशेबपद्धतच सुधारायला सांगितली होती ती यासाठीच. आणि सगळा तोटा ‘समाजसेवा’ म्हणून दाखवला की त्यात ढिसाळ कारभाराचा भाग किती, हे झाकलं जातं.

स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प गेल्याने फरक पडला?

१९२४ पासूनची ती प्रथा २०१७ मध्ये संपली. शेवटचा अर्थसंकल्प सुरेश प्रभूंनी २५ फेब्रुवारी २०१६ ला मांडला. रेल्वे केंद्राला जो लाभांश द्यायची तो थांबला, हा फायदा. पण रेल्वेच्या जमाखर्चावर संसदेत होणारी चर्चा आटली. आता फेब्रुवारीत लोक फक्त ‘आपल्या भागाला किती कोटी’ एवढंच शोधतात.

हे आकडे मला स्वतः पाहायचे असतील तर?

आपल्या भागातल्या प्रकल्पांना किती पैसे मिळाले ते ‘पिंक बुक’मध्ये विभागवार असतं. अर्थसंकल्पानंतर रेल्वे मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ते येतं. मार्गाचं नाव शोधा आणि मंजूर खर्चाशेजारी यंदाची तरतूद पाहा. कित्येक प्रकल्पांपुढे हजार रुपयांसारखी नाममात्र रक्कम दिसेल, म्हणजे प्रकल्प मेलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. चालू खर्चाचा आणि प्रवासी तोट्याचा तपशील हवा तर कॅगचे रेल्वे वित्तावरचे अहवाल वाचा. मात्र ते दोन-तीन वर्षं मागे असतात. एखाद्या ठरावीक गाडीचा जमाखर्च त्यात नसतो, त्यासाठी त्या विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो. अर्जात ‘तोटा किती’ असं मोघम विचारू नका. गाडी क्रमांक, कालावधी, तिकीटविक्री आणि प्रवासीसंख्या अशी नेमकी माहिती मागा.